विमान हवेत असताना पायलट बेशुद्ध पडला तर केबिन क्रू नेमकं काय करतात, आणि प्रवाशांना काय सांगतात?

मी अकरा वर्षं केबिन क्रू होते, त्यामुळे उत्तर गॅलीच्या, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकघराच्या, बाजूनं देते. खरा प्रसंग माझ्या वाट्याला कधी आला नाही, पण रिफ्रेशर ट्रेनिंगमध्ये तो दरवर्षी ठरलेला असायचा.

पहिल्याच वर्षी मी त्यात नापास झाले. मॉक-अपमध्ये, म्हणजे सरावासाठीच्या नकली विमानात, आमचे इन्स्ट्रक्टर कॅप्टनच्या सीटवर मान टाकून पुढे कलंडले होते. मी धावत गेले आणि नाडी बघायला त्यांचं मनगट धरलं. डोळे मिटलेलेच ठेवून ते म्हणाले, "माझं राहू दे, आधी विमान बघ."

तर क्रम असा. मागून दोन्ही खांदे धरून माणसाला सीटला टेकवायचं, खांद्यांचे पट्टे ओढून लॉक करायचे, सीट मागे सरकवायची, पाय पेडलवरून बाजूला घ्यायचे. ऑक्सिजन, नाडी वगैरे त्यानंतर. ऐकायला निर्दय वाटतं, पण बोइंगमध्ये दोन्ही पायलटांपुढची कंट्रोल्स एकमेकांना जोडलेली असतात. एकाचं अंग त्यावर पडलं की दुसऱ्याला त्या वजनाशी झगडावं लागतं. एअरबसमध्ये बाजूला छोटी साइडस्टिक असते. तिच्यावरचं बटण दाबून दुसरा पायलट ताबा घेतो, आणि ते साधारण 40 सेकंद धरून ठेवलं की पलीकडची स्टिक बंदच होते. शुद्ध हरपलेला माणूस किती जड होतो हे मात्र स्वतः ओढून बघितल्याशिवाय कळत नाही. आमचे इन्स्ट्रक्टर चांगले धष्टपुष्ट होते, दोघी लागायचो. त्याला सीटबाहेर काढायचं की तिथेच बांधून ठेवायचं, हे उरलेला पायलट सांगतो.

तो पायलट तोवर "आय हॅव कंट्रोल" (विमान आता माझ्या ताब्यात) म्हणून मोकळा झालेला असतो. ऑटोपायलट चालू आहे ना ते बघतो, मेडे, म्हणजे रेडिओवर संकटाचा संदेश, देतो, उतरायला योग्य असा जवळचा विमानतळ निवडतो. लागलं तर आमच्यापैकी एकीला कॉकपिटमधल्या जादा सीटवर (जंपसीट) बसवून चेकलिस्ट मोठ्यानं वाचायला लावतो. आणि हो, तो एकटा विमान उतरवू शकतो. फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, हा एसटीतला कंडक्टर नव्हे, एरवीही बऱ्याच लँडिंग तोच करत असतो.

खरी अडचण असते ती ओळखण्याची. माणूस धाडकन कोसळला तर कुणालाही कळतं. पण डोळे उघडे आहेत, हात कंट्रोलवर आहेत आणि डोकं मात्र जागेवर नाही, असं झालं तर? 18 जून 1972 ला लंडनच्या हीथ्रोवरून उडालेलं ट्रायडंट विमान काही मिनिटांत स्टेन्सजवळ कोसळलं, 118 जण गेले. कॅप्टनच्या हृदयाच्या दुखण्यानं त्यांच्या निर्णयांवर परिणाम झाला असावा, असं चौकशीत पुढे आलं. सोबतचे पायलट त्यांच्या मानानं फारच ज्युनियर होते. म्हणून आता नियम सोपा ठेवलाय: दोनदा विचारून नीट उत्तर आलं नाही, की समोरचा आजारी आहे असं धरायचं आणि ताबा घ्यायचा. समोर कितीही मोठे साहेब असले तरी.

दुसरी भीती कॉकपिटच्या बंद दाराची. 17 फेब्रुवारी 2024 ला लुफ्थान्साच्या फ्रँकफर्ट–सेव्हिल विमानात कॅप्टन टॉयलेटला गेले आणि आत एकटा असलेला को-पायलट बेशुद्ध झाला. जवळजवळ दहा मिनिटं विमान ऑटोपायलटवरच चाललं होतं. नेहमीच्या कोडनं दार उघडेना, शेवटी कॅप्टननी इमर्जन्सी कोड टाकला. पण तो चालायच्या आत को-पायलटनंच कसंबसं उठून दार उघडलं. विमान माद्रिदला उतरवलं. आमच्याकडे एक पायलट बाहेर आला की आमच्यातली एक आत जाऊन उभी राहायची. तेव्हा मला ते कंटाळवाणं वाटायचं.

प्रवाशांना काय सांगतात, असंही तुम्ही विचारलंय. शक्यतो काही नाही. 2009 मध्ये ब्रसेल्सहून न्यूअर्कला निघालेल्या कॉन्टिनेंटलच्या विमानात कॅप्टन अटलांटिकवर असतानाच वारले. कुणी डॉक्टर आहे का, अशी घोषणा झाली, पण कारण प्रवाशांना उतरल्यावरच कळलं. विमानात जादा पायलट होता, तो रिकाम्या सीटवर बसला.

तसं पाहिलं तर हृदयविकार बातम्यांत येतो, पण पायलटला कामातून उठवणारं नेहमीचं कारण म्हणजे बिघडलेलं पोट. म्हणून दोघांना वेगवेगळं जेवण द्यायची पद्धत आहे. माझे अर्धे वाद त्यावरूनच झाले. दोघांनाही पनीरच हवं असायचं, आणि उपम्याचा ट्रे शेवटी माझ्या वाट्याला यायचा.