"कितीदा समजावलं, तरी त्याला पटत नाही"

"तो मंद तर नाही ना?" माझ्यासमोरच्या खुर्चीत नीट टेकायच्या आधीच एका आईने आपल्या मुलाबद्दल विचारलं. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) मुलगा पाच वर्षांचा. स्वयंपाकघरात त्याच्याबरोबर छोटे प्रयोग करायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. पहिलाच प्रयोग पाण्याचा. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी घेतलं आणि एकातलं उंच, अरुंद ग्लासात ओतलं. मुलगा म्हणाला, उंच ग्लासात जास्त आहे. त्यांनी ते परत पेल्यात ओतून दाखवलं. "सारखं," तो म्हणाला. पुन्हा ग्लासात ओतलं, की पुन्हा "यात जास्त!" चार संध्याकाळी हेच चाललं. चौथ्या दिवशी यांचा आवाज चढला आणि तो रडायला लागला.

मी त्यांना सांगितलं, की ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने मुलांना नेमकं हेच विचारलं होतं, आणि या वयाची बहुतेक मुलं असंच उत्तर देतात. त्यांची नजर उंचीवर खिळते. पाणी चढलं तेवढाच ग्लास अरुंदही आहे, या दोन गोष्टी एकदम मनात धरणं साधारण सातव्या वर्षाच्या आसपास जमू लागतं. समजावण्यात त्या कमी पडल्या नव्हत्या आणि तोही कुठे कमी नव्हता. हे ऐकून त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. "मलाच विज्ञान येत नाही," हे ओझं किती आया मुकाट्याने वाहतात, ते मी रोज बघते.

आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. ज्याचं उत्तर समोर दिसेल असाच प्रयोग निवडायचा. आधी "तुला काय वाटतं?" विचारायचं आणि तो जे म्हणेल ते दुरुस्त करायचं नाही. खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायचा प्रयोग त्यांना आवडला होता. तो उघड्या भांड्यातच करा, असं मी बजावलं. झाकण लावलेल्या बाटलीत त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू कोंडला, तर बाटली फुटू शकते.

त्यांनी अंडं निवडलं. अर्धा ग्लास पाण्यात ते बुडालं. किती चमचे मीठ घातलं की वर येईल? "दोन!" दोन चमच्यांनी काही झालं नाही. "शंभर!" यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. चौथ्या चमच्याला अंडं वर आलं आणि तो ओट्यापाशी नाचायला लागला.

मग त्याने स्वतःच साधं पाणी मागितलं आणि वरून हळूहळू ओतलं. अंडं वरही आलं नाही, तळालाही गेलं नाही. मधोमध थांबलं.

"असं का गं आई?"

"मलाही नाही माहीत," त्या म्हणाल्या. रात्री त्यांचा मला निरोप आला. मी कळवलं, की खालचं खारं पाणी अंड्यापेक्षा जड, वरचं साधं पाणी हलकं, म्हणून ते मधेच अडकलं. लगेच उलट प्रश्न आला: "हे त्याला आत्ता सांगू, की उद्या तो काय म्हणतो ते आधी बघू?"