वाचकांचे प्रश्न : घानाचे मंत्रिमंडळ

प्रश्न : पश्चिम आफ्रिकेतील घानामध्ये अध्यक्षीय पद्धत आहे. असे असूनही तेथील बरेच मंत्री संसदेचे सदस्य कसे? शिवाय मंत्रिमंडळाला १९ मंत्र्यांची मर्यादा असताना २०१७ साली तेथे ११० मंत्री नेमले गेले, हे संविधानात बसते का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : संख्येचा प्रश्न आधी घेऊ. घानाच्या १९९२ च्या संविधानातील कलम ७६ प्रमाणे राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष आणि किमान १० व कमाल १९ मंत्री मिळून मंत्रिमंडळ, म्हणजेच कॅबिनेट, बनते. मात्र मंत्री एकूण किती असावेत याला कलम ७८ मध्ये कोणतीही मर्यादा घातलेली नाही. राज्यकारभार कार्यक्षमतेने चालण्यासाठी आवश्यक तेवढे मंत्री राष्ट्राध्यक्षांनी नेमावेत, एवढेच त्यात म्हटले आहे. त्यामुळे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष नाना अकुफो-अडो यांनी नेमलेल्या, उपमंत्री धरून ११० जणांपैकी बहुतेक जण मंत्री असूनही मंत्रिमंडळाच्या बैठकीला बसत नव्हते. नेमणूक घटनाबाह्य नव्हती, पण त्यावर झालेली टीका माझ्या मते रास्त होती. आपल्याकडे २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर रोखली. तशी तरतूद घानात नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सत्तेवर आलेले जॉन महामा यांनी ६० पेक्षा जास्त मंत्री नेमणार नाही असे सांगितले होते, पण तो त्यांनी स्वतःहून घालून घेतलेला निर्बंध होता.

येथे एका शब्दाने आपली फसगत होऊ शकते. घानात ‘मिनिस्टर ऑफ स्टेट’ म्हणजे पूर्ण दर्जाचा मंत्री. आपल्या राज्यमंत्र्यांशी तुलना करायचीच, तर ती तेथील उपमंत्र्यांशी करावी लागेल.

आता संसद सदस्यत्वाविषयी. १९७९ च्या संविधानात मंत्रिपद आणि खासदारकी एकमेकांपासून वेगळी ठेवलेली होती. राष्ट्राध्यक्ष हिल्ला लिमान यांचे मंत्री सभागृहाबाहेरचे असत आणि १९८१ मध्ये त्यांच्या सरकारचा अर्थसंकल्पच संसदेने फेटाळला. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला जेरी रॉलिंग्ज यांनी लष्करी उठाव करून ते सरकार उलथवले. सरकार आणि सभागृह यांत इतका दुरावा पुन्हा येऊ नये, या विचाराने १९९२ मध्ये मधला मार्ग काढण्यात आला : प्रत्येक मंत्र्याच्या नेमणुकीला संसदेची पूर्वसंमती हवी आणि बहुसंख्य मंत्री संसद सदस्यांमधूनच घेतले जावेत. उरलेले मंत्री बाहेरून घेता येतात. ते सभागृहात बोलू शकतात, पण मतदान करू शकत नाहीत.

दुरावा मिटवण्याचा हा उपाय मला महागडा वाटतो. सत्ताधारी बाकांवरचा अनुभवी सदस्य मंत्री होतो, आणि जो मंत्री झालेला नाही, त्याची आशा राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीशी जोडलेली राहते. अशा सभागृहाकडून सरकारची कठोर झडती होणे अवघड असते.

प्रश्न : मग एखाद्या मंत्र्याला संसद पदावरून दूर करू शकते का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : थेट नाही. कलम ८२ प्रमाणे एकूण सदस्यांपैकी दोन तृतीयांश सदस्यांच्या मतांनी मंत्र्याविरुद्ध निंदाव्यंजक ठराव संमत करता येतो. परंतु त्यानंतर मंत्र्याने राजीनामा दिला नाही, तर त्याची नेमणूक रद्द करायची की नाही, हे राष्ट्राध्यक्षच ठरवतात.

२०२२ मध्ये देश कर्जाच्या संकटात सापडला असताना अर्थमंत्री केन ओफोरी-अट्टा यांना हटवावे, अशी मागणी खुद्द सत्ताधारी पक्षाच्या ऐंशीहून अधिक खासदारांनी ऑक्टोबरमध्ये जाहीरपणे केली. त्यानंतर विरोधकांनी आणलेला ठराव ८ डिसेंबरला मतास आला, तेव्हा मात्र सत्ताधारी सदस्य सभागृह सोडून गेले. २७५ सदस्यांच्या संसदेत ठरावाच्या बाजूने १३६ मते पडली, विरोधात एकही नाही, तरीही ठराव फेटाळला गेला. ओफोरी-अट्टा स्वतः खासदार नव्हते. त्यांचे मंत्रिपद गेले ते थेट फेब्रुवारी २०२४ मध्ये, राष्ट्राध्यक्षांनी मंत्र्यांमध्ये फेरबदल केला तेव्हा.