बढती मिळवलेल्या ‘बरी’ (Bury) या फुटबॉल क्लबला २०१९ मध्ये इंग्लिश लीगमधून का काढलं?

पैसा. मैदानावर त्यांचं उत्तमच चाललं होतं: २०१९ च्या वसंतात पगार थकलेले असताना खेळाडूंनी लीग टूमधून (चौथा स्तर) लीग वनमध्ये (तिसरा स्तर) बढती मिळवली. पण स्टीव्ह डेल यांनी क्लब घेतला होता अवघ्या एका पौंडात, डोक्यावरच्या कर्जासकट. देणी भागवायला आणि पुढचा हंगाम चालवायला पैसे कुठून आणणार, याचा पुरावा लीगने मागितला. तो काही मिळेना, म्हणून सामने एकेक करून स्थगित होत गेले. शेवटचा खरेदीदारही ऐनवेळी मागे फिरला आणि २७ ऑगस्टला १८८५ सालच्या, दोनदा एफए कप (इंग्लंडची जुनी बाद फेरीची स्पर्धा) जिंकलेल्या क्लबची हकालपट्टी झाली. लीग वन २३ संघांवर खेळवावी लागली.

शेजारचा बोल्टन क्लब थोडक्यात वाचला. पैशांच्या गोंधळाची शिक्षा म्हणून त्यांनी हंगाम उणे १२ गुणांवर सुरू केला, कोवळी पोरं उतरवून पाच-पाच गोल खाल्ले. बरीच्या हकालपट्टीच्या दुसऱ्याच दिवशी नवा मालक मिळाला, तरी शेवटी खालच्या लीगमध्ये घसरलेच.

माझ्या मते खरा दोष नियमांचा. क्लब विकत घेताना खिसा नीट तपासायचाच नाही आणि मग शिक्षा भोगायची चाहत्यांनी! (जवळच्याच ब्लॅकबर्नचे मालक आपल्या पुण्याचे वेंकीज. तिथेही चाहते वर्षानुवर्षं चिडलेले आहेत, पण निदान क्लब जिवंत आहे.)

बरीच्या चाहत्यांनी नवा क्लब काढून तळापासून सुरुवात केली. २०२३ पासून गिग लेन या जुन्या मैदानावर पुन्हा सामने होतात.