शिक्रा की पावशा?

प्रश्न : आम्ही मुलुंडला चौथ्या मजल्यावर राहतो. गॅलरीसमोरच्या झाडावर मे महिन्यात रोज सकाळी एक राखाडी, पट्टेरी पोटाचा पक्षी येतो. तो आला की बुलबुल कालवा करतात. मोबाइलमधलं अ‍ॅप ‘शिक्रा’, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, असं सांगतं. माझे सासरे जुन्नरकडचे, ते आवाज ऐकून ‘पावशा’ म्हणतात. तीन फोटो पाठवले आहेत. – एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, सासऱ्यांचं बरोबर आहे. ‘पेर्ते व्हा, पेर्ते व्हा’ असा दर हाकेला चढत जाणारा आवाज ज्याने शेतावर ऐकलाय, त्याला फोटोची गरज नाही.

अ‍ॅपही उगाच चुकलं नाही. राखाडी पाठ, पोटावर तांबूस पट्टे, शेपटीवर आडवे पट्टे, इतकंच काय, उडण्याची ढबसुद्धा पावशाने शिक्र्याची घेतली आहे. बुलबुल फसतात ते त्यामुळेच. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मीही एकदा वहीत ‘शिक्रा’ लिहून मोकळा झालो होतो. पक्षी ओरडला, तेव्हा खोडलं.

म्हणून रंग सोडा, चोच बघा. शिक्र्याची चोच आखूड आणि मुळापासूनच आकड्यासारखी वळलेली. तुमच्या तिसऱ्या फोटोत ती सडपातळ, जवळजवळ सरळ आहे आणि डोळ्याभोवती पिवळं कडं स्पष्ट दिसतंय. शिक्र्याला असं कडं नसतं. पाय पानांआड गेलेत. ते दिसते तर वाद तिथेच मिटता : शिक्र्याचे पाय लांब, नख्या शिकारी, पावशाची दोन बोटं पुढे, दोन मागे.

पहिल्या दोन फोटोंत मागच्या पांढऱ्या आभाळामुळे पक्षी काळा पडलाय. स्क्रीनवर पक्ष्यावर बोट टेकवा आणि उजेड वाढवा. आभाळ पांढरंफटक झालं तरी चालेल, आपल्याला चोच हवी आहे.

एक कळकळीची विनंती. त्याला जवळ बोलवायला मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवू नका. हे त्याचे विणीचे दिवस आहेत. दुसरा नर आला समजून तो सगळं सोडून भांडायला धावतो.

पावशा स्वतः घरटं बांधत नाही, सातभाईंच्या घरट्यात अंडं घालतो. तुमच्या आवारात सातभाई असतीलच. पावसाच्या सुरुवातीला त्यांच्या थव्यात, भरवणाऱ्यापेक्षा मोठं पिल्लू चोच वासून बसलेलं दिसलं, तर तो फोटो मला नक्की पाठवा. सासऱ्यांनाही दाखवा.