काळा टी-शर्ट आणि मारबत

प्रिय दोस्ता,

टी-शर्टवरची कवटी बघून आई 'हे काय अभद्र' म्हणाली आणि तू तिला अर्धा तास हेवी मेटल संगीत समजावत बसलास. नको बसत जाऊस. वाद घालून कुणाला कधी गाणं आवडलेलं नाही.

स्वतःपुरतं उत्तर हवं असेल तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारी-महालात उभा राहा. काळी मारबत, पिवळी मारबत, मागून बडग्यांचे पुतळे. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत लोक ती अक्राळविक्राळ पुतळी मिरवतात आणि शेवटी जाळतात. म्हणून नागपूरकरांना कोणी राक्षसाचे भक्त म्हणत नाही. मेटलमधली भुतं, मढी, युद्धं बहुतेक याच कामाची. तू तर्जनी आणि करंगळी वर करतोस ना, ती खूण मेटल गायक रॉनी जेम्स डिओनं रूढ केली, आणि त्याला ती मिळाली इटालियन आजीकडून. दृष्ट लागू नये म्हणून करायची ती. हे मात्र आईला सांग, तिला पटेल.

नॉर्वेत १९९२ च्या सुमारास मेटल वाजवणाऱ्या काही पोरांनी खरीखुरी चर्च जाळली. ती मारबत नव्हे, गुन्हा. त्यांचं संगीत ऐकायचं की नाही ते तू ठरव, पण त्या जाळपोळीचं कौतुक माझ्यासमोर करू नकोस.

आता टोनी आयोमी, मेटलच्या पहिल्या बँडांपैकी एक असलेल्या ब्लॅक सॅबथचा गिटारवादक. बर्मिंगहॅमचा, पत्र्याच्या कारखान्यातला सतरा वर्षांचा कामगार. नोकरीच्या शेवटच्या दिवशी प्रेसमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. फोरमननं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली, दोन बोटांवर गिटार वाजवणाऱ्याची. मग यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, बारीक तारा लावल्या. पुढे ताराही सैल केल्या, बोटांना जोर कमी लागावा म्हणून, आणि आवाज आणखी जड झाला. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १९७० चा. हिंगणा एमआयडीसीत प्रेसवर उभ्या राहणाऱ्या कोणालाही ही गोष्ट सांगून बघ. गाणं न ऐकता त्याला अर्धं मेटल कळेल.

कॉलेजातले 'टी-शर्टवरच्या बँडची पाच गाणी सांग, मगच तो घाल' म्हणतात, त्यांना परीक्षा देऊ नकोस. 'तूच एक अल्बम दे ना बे' म्हण. खरा शौकीन असेल तर रात्रीपर्यंत दहा पाठवेल. नसेल तर गप्प बसेल.

कॉन्सर्टला मात्र जाच, नागपूरबाहेर जावं लागलं तरी. २००७ च्या मार्चमध्ये आयर्न मेडन हा मेटल बँड, ते बंगलोरला पॅलेस ग्राउंडवर वाजवून गेले, तेव्हा आम्ही रेल्वेनं गेलो होतो. धक्काबुक्कीत माझ्या शेजारचा पोरगा खाली पडला. चारी बाजूंनी हात आले, तो उभा झाला, आणि कुणीतरी त्याचा निघालेला बूट उंच धरून 'किसका है' ओरडत राहिला. पिटचा, म्हणजे स्टेजसमोरच्या त्या धक्काबुक्कीचा, नियम एवढाच आहे: पडला त्याला आधी उचलायचं.

आणि इयरप्लग घे. मेडिकलमध्ये फोमचे मिळतात, फार महाग नसतात. बोटांनी पिळून बारीक करायचे, कान जरा वर ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत दाबून धरायचे. मित्र हसतील. दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजायला लागली की तेच विचारतील, कुठून घेतले म्हणून.

तुझा,
दादा