नोकरीचं विचारा : एजंटला 5,000 भरू का?

प्रश्न : दादा नमस्कार. मी कळव्याला राहतो, वय 22. इलेक्ट्रिशियन ट्रेडचा आयटीआय झालाय. आठ महिने घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये ठेकेदाराकडून मेंटेनन्सला आहे. 12 तास ड्युटी, हातात 14,000, स्लिप नाही. काम म्हणजे ट्यूबलाइट बदलायची, पंप चालू-बंद करायचा, लिफ्ट अडकली की कंपनीला फोन लावायचा. मला रबाळे-महापेला कंपनीत जायचंय. एक एजंट म्हणतो 5,000 भर, परमनंट लावतो. मित्र म्हणतो अप्रेंटिसशिप कर, पण त्यात आत्तापेक्षा कमी मिळणार, आणि आई म्हणते हातचं सोडू नको. काय करू?

उत्तर : अरे, आधी एजंटचं. एक रुपया देऊ नकोस. ज्या कंपनीला माणूस हवा असतो ती माणसाकडून पैसे मागत नाही, आणि परमनंट करणं एजंटच्या हातात नसतंच, तो फार तर तुला दुसऱ्या ठेकेदाराच्या दारात उभा करेल. ऑनलाइन पैसे आधीच पाठवले असशील आणि आता तो फोन उचलत नसेल, तर आजच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार कर, उद्यावर टाकू नकोस.

आईचं म्हणणं खोटं नाही, घरात पगार यायलाच हवा. पण या आठ महिन्यांत तू एक तरी मोटर खोललीस का, एक तरी स्टार्टर वायर केलास का? अशीच दोन वर्षं गेली तर आयटीआयला शिकलेलंही विसरशील रे, मी अशी मुलं बघितलीत आणि फार वाईट वाटतं. म्हणून घर वर्षभर कसंबसं निभत असेल तर मी अप्रेंटिसशिपच सांगेन. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला अप्रेंटिस घेणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत टीटीसीच्या, म्हणजे ठाणे खाडीपलीकडच्या औद्योगिक पट्ट्यात अशा कंपन्या भरपूर आहेत. अप्रेंटिसशिप इंडियाच्या पोर्टलवर नाव घाल, शेवटी परीक्षा देऊन सर्टिफिकेट मिळतं. मध्य रेल्वेच्या जाहिरातीवरही डोळा ठेव, कल्याण-कुर्ल्याची शेड, परळ-माटुंग्याचं वर्कशॉप, तिथे परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या मार्कांवर यादी लागते. आरक्षणाची सवलत नसेल तर रेल्वेत 24 नंतर वय बसत नाही, म्हणजे तुझ्याकडे वेळ आहे पण फार नाही.

आता इंटरव्ह्यूचं सांगतो, कारण मुलं तिथेच मार खातात. मी महाप्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो तेव्हा आम्ही तोंडी प्रश्न कमीच विचारायचो, सरळ स्टार-डेल्टा पॅनलसमोर (मोठी मोटर आधी कमी व्होल्टेजवर म्हणजे स्टारमध्ये, मग पूर्ण व्होल्टेजवर म्हणजे डेल्टात चालवणारं पॅनल) उभं करायचो आणि म्हणायचो, मोटर स्टारमध्ये सुरू होते पण डेल्टात जात नाही, शोध. दहातले सात जण आधी स्क्रूड्रायव्हर घालायचे. एक पोरगा आठवतो, त्याने आधी विचारलं, सर मेन बंद करू का, मग मल्टिमीटर एका चालू पॉइंटला लावून मीटर चालतोय ना ते बघितलं, मग पॅनलवर तिन्ही फेज तपासल्या, आणि मगच स्टारमधून डेल्टात बदल करणाऱ्या टायमरकडे वळला. टायमर ठीक होता, स्टार कॉन्टॅक्टरचा (विजेवर चालणारा मोठा स्विच) इंटरलॉकचा एनसी कॉन्टॅक्ट, म्हणजे स्टार सुटला की जुळायला हवा तो, जुळत नव्हता म्हणून डेल्टाच्या कॉइलला सप्लायच जात नव्हता. त्याला ते पूर्ण सापडलं नाही तरी आम्ही त्यालाच घेतलं, कारण टेस्टर पेटला नाही म्हणजे सप्लाय नाही असं धरून हात घालणारा माणूस एक दिवस जिवाला मुकतो. तू रोज संध्याकाळी अर्धा तास ते सर्किट कागदावर काढ, न बघता आलं पाहिजे.

कॉल आला की लाजू नकोस, पहिलाच प्रश्न विचार : पगार कंपनीच्या रोलवर की ठेकेदाराच्या? ठेकेदाराच्या असला तरी चालेल, पण स्लिप, पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा नंबर) आणि ईएसआयसीचा, म्हणजे कामगार विम्याचा नंबर हवा. 21,000 पर्यंत पगाराला ईएसआय लागू होतो, तुझ्याकडून फक्त 0.75 टक्के कापतात, आणि मशीनवर हात भाजला तर तोच कामाला येतो. ओव्हरटाइम दुप्पट दराने असतो, तुझा ठेकेदार वरचे तास फुकट घेतोय. आणि वायरमनचा परवाना काढून घे, आयटीआयच्या कागदावर मिळतो आणि पुढे कामाला येतो.

प्रश्न : दादा, मी ऐरोलीची, इलेक्ट्रिकल डिप्लोमा झालाय. दोन ठिकाणी सांगितलं, साइटवर मुली घेत नाही. मेंटेनन्स सोडून ऑफिसची कामं बघू का?

उत्तर : अजिबात सोडू नकोस. तुझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर डेटा सेंटर उभी आहेत, तिथे यूपीएस, डीजी (डिझेल जनरेटर) आणि चिलरवर (थंड करणारी यंत्रणा) रात्रंदिवस लक्ष ठेवणारी माणसं लागतात, बीएमएसच्या (इमारतीच्या यंत्रणांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) स्क्रीनसमोरची शिफ्ट असते. रबाळ्याकडे पॅनल बनवणारे आहेत, त्यांच्या टेस्टिंग बेंचवर मेगर (इन्सुलेशन तपासणारं मीटर) आणि रिले (बिघाड झाला की सप्लाय तोडायला लावणारं उपकरण) टेस्टिंग शिकायला मिळतं. डिप्लोमावाल्यांसाठी नॅट्स या केंद्र सरकारच्या योजनेची एक वर्षाची वेगळी अप्रेंटिसशिप आहे, वेस्टर्न रिजनचं ऑफिस सायनलाच आहे, आधी पोर्टलवर नाव नोंदव. जाहिरातीत साइट लिहिलं असेल तरी अर्ज कर, आणि रात्रपाळी असेल तर ने-आण करणाऱ्या गाडीचं जॉइन व्हायच्या आधीच लेखी घे.