तुमचे प्रश्न: दोन दिवसांच्या वर्कशॉपनं हात बसतो का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, बीव्हीएससी झाल्यापासून सांगली जिल्ह्यात गाई-म्हशींचीच प्रॅक्टिस करतोय, पण आता आमच्याकडंही लोक लॅब्रॅडॉर, पग पाळायला लागलेत आणि स्पे (मादीची ओव्हरी-गर्भाशय काढून नसबंदी) करून द्या म्हणतात. कॉलेजात टेबलाभोवती आमचा घोळका असायचा, हातात छेद उघडा धरायचा रिट्रॅक्टर आला तेवढाच. शहरात दोन दिवसांचं ऑर्थोपेडिक वर्कशॉप आहे, हाडाला प्लेट बसवायला शिकवतात, फी बरीच आहे. करू का?

उत्तर : आत्ता नका करू. प्लेटची केस तुमच्याकडं कधीतरी येईल, स्पे मात्र सतत येणार. स्पेला साधं ऑपरेशन म्हणतात ते मला कधीच पटलं नाही, पोट उघडायचं, ओव्हरीला वर धरून ठेवणारं सस्पेन्सरी लिगामेंट सैल करायचं, ओव्हरीचं पेडिकल (रक्तवाहिन्या असलेला देठ) बांधायचं, लिनिया अल्बा (पोटाच्या मधोमध असलेली पांढरी पट्टी) भक्कम शिवायची, पोटाच्या सर्जरीचं निम्मं शिक्षण त्यातच होतं आणि पुढं पायोमेट्रा (गर्भाशयात पू होणं) आला की हेच हात कामाला येतात.

कुठलाही कोर्स घ्या, आधी विचारा की एका टेबलावर किती जण आणि सुरुवातीपासून शेवटच्या टाक्यापर्यंत मी स्वतः किती ऑपरेशनं करणार. गोलगोल उत्तर आलं तर पैसे भरू नका. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचं काम जिथं रोज चालतं तिथं हात लवकर बसतो, पण केंद्राला ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची मान्यता आहे का ते बघा, 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण (एबीसी) नियमांनुसार ती लागतेच. वर्ल्डवाइड व्हेटरनरी सर्व्हिस या संस्थेचं उटीला ट्रेनिंग सेंटर आहे, गोव्यातही आहे, तिथं चौकशी करा.

तोवर घरी सराव करा. चिकनवाल्याकडून सालासकट तंगडी आणून टाके घाला, ताणलेल्या रबरावर चौकोनी गाठ मारा आणि ती सरकत नाही ना ते ओढून बघा. पेडिकलवर सर्जन्स नॉट (पहिला वेढा दुहेरी असलेली गाठ) मारायचा मोह टाळा, तो दुहेरी वेढा घर्षणानं अडकतो आणि जाड टिश्यूवर आतून ढिलाच राहू शकतो.

आता ज्याची सगळ्यांना भीती वाटते ते, पेडिकल निसटणं, म्हणजे बांधलेल्या गाठीतून ते सुटून रक्त वाहायला लागणं. रक्तात आंधळेपणानं फोर्सेप्स (चिमटे) मारत सुटलात तर त्यात युरेटर (किडनीतून लघवी नेणारी नळी) सापडेल, म्हणून आधी छेद वाढवा. उजवीकडचं निसटलं असेल तर ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) उचलून डावीकडं घ्या, त्याचा मेसेंटरी (आतड्याला धरणारा पातळ पडदा) बाकीची आतडी पडद्यासारखी धरून ठेवतो आणि किडनीच्या मागं, शेपटीच्या बाजूला, निसटलेला देठ दिसतो, डावीकडचं असेल तर डिसेंडिंग कोलन (मोठ्या आतड्याचा उतरता भाग) उजवीकडं घ्या. हे रक्त वाहत असताना शिकायचं नसतं, सीनियर शेजारी उभा असेल तेव्हा रक्तस्राव नसलेल्या केसमध्येच दोन्ही बाजू अशा उघडून बघा, म्हणजे वेळ आली की हात आपोआप तिकडं जातो.

आणखी एक, तुम्हाला उभ्या गाईला लोकल (तेवढ्याच भागाची भूल) देऊन काम करायची सवय आहे, इथं जनरल ॲनेस्थेशिया (पूर्ण भूल) असतो, त्यामुळं शिरेत कॅन्युला (सलाईनची बारीक नळी) आणि घशात ट्यूब घालायला शिका आणि श्वास, नाडी, हिरड्यांचा रंग बघायला एक माणूस वेगळा ठेवाच, त्यात काटकसर नको.

प्रश्न : आमच्या कुत्रीचं स्पे शिकाऊ डॉक्टर करणार असं दवाखान्यात सांगितलं. करू द्यावं का? (पुणे)

उत्तर : अनुभवी सर्जन हातमोजे घालून त्याच टेबलावर उभा राहणार असेल तर करू द्या, फोनवर अव्हेलेबल आहे एवढं पुरत नाही. वेदनाशामक कधी देणार आणि रात्री फोन कोण उचलणार हे आधीच विचारून घ्या. घरी आणल्यावर पहिल्या 24 तासांत हिरड्या पांढरट दिसल्या, पोट फुगलं किंवा ती उठेनाच, तर सकाळची वाट न बघता लगेच घेऊन जा.